देवाला उकडत नाही

शांघाय, ता. ८ फेब्रुवारी २००७

चि. महिपत,

आशीर्वाद मागून देते, आधी खाली बस. मी मुंबईत नाही. डोळ्यांचं ऑपरेशन वगैरे काही नाही. डोळे चांगले आहेत, नसते तर एवढं लिहिलं असतं का. मी चीनमध्ये आहे, तुझ्या लेकीकडे, राहीकडे. पासपोर्ट तुझ्या बहिणीने गेल्या दिवाळीत काढून दिला. तिला बोलू नको. लबाडी ती आपल्याच घरात शिकली.

हा कागद फॅक्सने येतोय. इथे हॉटेलातल्या यंत्रात घातला की तिकडे एसटी स्टँडसमोर केरूच्या झेरॉक्सच्या दुकानात निघतो म्हणे. केरू, तू हे वाचतोयस ते मला माहीत आहे. वाच, पण बाजारात बोलू नको. रघू कंडक्टर दुपारची गाडी घेऊन आमच्या गावाला जातो, त्याच्याकडे घडी घालून दे.

आता महिपत, मी इथे कशाला आले ते ऐक. पोरीला परत न्यायला आले. शिमग्याच्या आत, आणि कायमची.

तिला ही नोकरी लागली तेव्हा तू रवळनाथाला कौल लावलास. आपण मानकरी, देवाला विचारल्याशिवाय पोर परदेशी कशी पाठवायची. मी बायकांत उभी होते. वैशाखाचा उकाडा, तुम्ही सगळे पुढे घामाने भिजलेले, तू देवळाला दिलेला नवा उभा पंखा घरघरत होता, समई फडफडते म्हणून गुरवाने ती खांबाआड सरकवली. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या लावल्या आणि डावी आधी पडली, म्हणजे नाही. इतक्या पटकन कौल पडलेला मी जन्मात पाहिला नव्हता. सगळे म्हणाले, देव रागावलाय. पोर म्हणाली, मी जाणार. आणि गेली. तू म्हणालास, देव नाही म्हणत असताना गेली, आता ते सगळं सोडून देवापुढे नाक घासेल तेव्हाच या घराचा उंबरा. चार वर्षं झाली. तिकडून तिचा हट्ट, इकडून तुझा, मधे मी. मधे उभं राहून माझे पाय दुखायला लागले.

तिची आई गेल्यापासून तिच्या उवा मी काढल्या. तेव्हा तिला कान धरून आणायचा अधिकार माझाच. हे मी तुला विचारत नाही, कळवते.

हॉटेल कसं आहे विचारशील. नाही विचारणार, पण सांगते. नदीकाठचं जुनं कापसाचं गोदाम आहे. भिंतींचा गिलावा मुद्दाम खरवडून काढलाय आणि आतल्या विटांवर दिवे सोडलेत. खाली शिरल्या शिरल्या निळ्या चिनीमातीच्या माशांचा ढीग ओतलाय, मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलर लागल्यावर पडतो तसा. त्याभोवती लोक हात मागे बांधून फिरतात. मासे एवढे, पण मांजर फिरकत नाही. वर छताला खुर्च्या उलट्या टांगल्यात. मी त्यांच्याखालून जात नाही.

राही इथे खालच्या टेबलाशी असते, येणाऱ्या-जाणाऱ्यांना खोल्या देते. यांचं नवीन वर्ष येतंय, तेव्हा सगळं शहर गावाला जातं. अगदी आपल्या चाकरमान्यांसारखं, डोक्यावर गाठोडी, हातात पोरं. हॉटेल ओस पडतं. म्हणून जी माणसं सणातही कामावर राहतात त्यांच्या घरच्यांना खोली देतात. तशी मला मिळाली. जिथे साहेबलोक उतरतात तिथे.

खोलीत पलंगासमोर एका बाईची पाठ आहे. नुसती पाठ, उघडी, भिंतीएवढी, त्यावर वेणी. तोंड नाहीच. दिवसभर रुसल्यासारखी माझ्याकडे पाठ करून बसते. मी तिच्यावर माझं धुतलेलं लुगडं वाळत घातलं. झाडणारी मुलगी आली ती ओरडतच धावत गेली आणि राहीला घेऊन आली. चित्राला हात लावायचा नाही म्हणे. मी म्हटलं, हात नाही लावला, अब्रू झाकली. न्हाणीघराला तर भिंतही काचेची. तिथे चादर लावलीय.

झोप नाही. जमिनीवर सगळीकडे जाड गालिचा, चाललं तरी पाऊल वाजत नाही. आपण आहोत की नाही तेच कळत नाही. म्हणून मी जिने चढते, उतरते. जिन्याच्या लोखंडाला तरी आवाज आहे.

लवकरच तिला घेऊन येते. गुरांना पेंढा वेळेवर घाल.

आई

---

शांघाय, ता. १३ फेब्रुवारी

महिपत,

तुझा फॅक्स मिळाला. एक ओळ. 'ताबडतोब परत ये, तिला एकटीला आण.' केरूचं अक्षर आहे, म्हणजे तू त्याला नुसतं तोंडाने सांगितलंस. आईला चार अक्षरं लिहायला हात झिजतो काय?

आणि 'एकटीला' म्हणजे काय? म्हणजे तुला माहीत होतं. तुझ्या बहिणीने तुला सांगितलं, मला नाही. मला ते शनिवारी कळलं, मी इथे आल्यावर. पोर एका चिन्याबरोबर लग्न करणार आहे. लिन त्याचं नाव.

मी त्याला खोलीत बोलावलं. उंच आहे, चष्मा आहे, बोटं सुताराची आहेत. काम काय, तर चित्रं टांगतो. या हॉटेलातली सगळी चित्रं, ते मासे, त्या खुर्च्या त्याच्या ताब्यात. पुसायचं, सरळ करायचं, कोणी हात लावला तर बघायचं. माझं लुगडं त्यानेच घडी करून परत पाठवलं होतं. इस्त्री करून. लुगड्याला इस्त्री.

मी विचारलं, घरी कोण, जमीन किती, दारू पितोस का, आईबापांना विचारलंस का, आणि आमची पोरगी तुझ्या घरी काय खाणार. राहीने त्याला सांगितलं ते एवढंसंच. मी म्हटलं, मी एवढं बोलले आणि तू एवढंच? म्हणाली, आजी, महत्त्वाचं तेवढं सांगितलं. तो बराच वेळ बोलला. तिने मला सांगितलं, 'हो म्हणतो.' अशी ही दुभाषी.

त्याचं गाव रेल्वेने फार लांब आहे. सगळे गेले, हा गेला नाही. आजी आलीय म्हणून, म्हणे. मी सांगितलं होतं का त्याला थांब म्हणून? त्याची आई तिकडे मला शिव्या देत असेल. देऊ दे, मी पण दिल्या असत्या.

सकाळी इथे पेज मिळते. तांदळाची, आपल्यासारखीच, पण मिठाचा पत्ता नाही. सोबत सुकी कोलंबी ठेवतात. तो रोज माझ्या टेबलावर मीठ आणून ठेवतो आणि जातो. मी ते पेजेत घालते आणि खाते.

पोरीचं म्हणणं असं. वैशाखात लग्न. त्याआधी शिमग्याला दोघांनी गावी यायचं. सहाणेच्या चौथऱ्यावरून पालखी आपल्या दारात येईल तेव्हा तिने देवाची ओटी भरायची, त्याने शेजारी उभं राहायचं, आणि तू दोघांना अंगारा लावायचा. बस. त्याचा व्हिसा तिने जानेवारीतच काढून ठेवलाय. आशा बघ केवढी. मी म्हटलं, तुझा बाप त्याला अंगणाच्या गडग्याच्या आत घेणार नाही आणि तुलाही त्याच्याबरोबर घेणार नाही. आता गुमान बॅग भर, लोटे एमआयडीसीतल्या कंपनीतला तो मुलगा अजून बिनलग्नाचा आहे. ती म्हणाली, तो अजून का राहिलाय याचा विचार कर.

तीन दिवस हेच. ती कामावरून येते, बूट काढते, आम्ही भांडतो, ती बूट घालते आणि जाते. मी गालिच्यावरून फिरत राहते. खिडकीबाहेर नदीतून वाळूच्या होड्या जातात, जातच असतात, एकही थांबत नाही. काल मी तिला म्हटलं, देवाने नाही सांगितलंय, त्यापुढे तुझं माझं काय. ती एकदम उभी राहिली आणि म्हणाली,

"तुला कौलच हवा ना? मग इथे लाव. उजवा पडला तर सगळं सोडून तुझ्याबरोबर येते. परत नाव काढणार नाही. डावा पडला तर राहते, आणि मग तू बाबांना सांगायचं."

मी म्हटलं, इथे कुठला देव. तिने मला वरच्या मजल्यावर नेलं. तिनानंतर पाच आहे, चौथा मजला यांना अशुभ वाटतो. म्हणजे ही माणसंही आपल्यासारखीच घाबरट. तिथे लांब बोळात मधोमध एक काळा दगड उभा आहे. कमरेएवढा. तोंड नाही, हात नाहीत, दोन उतरते खांदे तेवढे. वरून दिवा सोडलाय, भोवती दोरी. कोण्या शिल्पकाराने केलाय म्हणे. महिपत, मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण हे खरं आहे. तो आपल्या रवळनाथासारखा दिसतो. शेंदूर लावला तर तू पाया पडशील.

मी हो म्हटलं. यांचं नवीन वर्ष झालं की कौल लावणार. तुला पाहिजे तेच होईल. उजवा पडेल आणि पोर घरी येईल, एकटी. समाधान झालं?

आई

---

शांघाय, ता. २० फेब्रुवारी

महिपत,

हा कागद दोनदा वाच. केरू, तू एकदाच.

काल दुपारी कौल लावला. दोन दिवस फटाक्यांनी कान फुटले होते, काल जरा शांत होतं. हॉटेलात आम्ही आणि झाडणाऱ्या दोन बायका.

राहीने लिनला सगळं सांगितलं. दगडाच्या दोन खांद्यांना ओल्या पाकळ्या लावायच्या, बघत बसायचं. उजवी आधी पडली तर मी आजीबरोबर जाते, कायमची. डावी पडली तर राहते.  तो त्या दगडाकडे बघत राहिला. त्याला हात लावायला कोणालाच परवानगी नाही आणि कोणी लावला तर अडवणं हे याचं काम. मला वाटलं आता हा नियम काढणार. तो गेला आणि फरशी ओली आहे म्हणून ठेवतात ती पिवळी पाटी घेऊन आला. लिफ्टच्या तोंडाशी ठेवली, म्हणजे कोणी येऊ नये. मग त्याने स्वतःच्या हाताने दोरी सोडली आणि बोळाच्या टोकाला जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

मी डोक्यावरून आंघोळ करून धुवट लुगडं नेसले होते. खालच्या फुलदाणीतल्या पांढऱ्या फुलांच्या पाकळ्या भिजवून आणल्या. रवळनाथाचं नाव घेतलं, गाऱ्हाणं घातलं. म्हटलं, बाबा, तू तिकडचा, हा इकडचा, पण दगड सगळे एकाच आईचे. पोर परत यायची असेल तर उजवी दे. राही मागून "व्हय महाराजा" म्हणाली. तोंड वाकडं करून म्हणाली, पण म्हणाली.

मग बसले. आपल्याकडे कौलाला बसलं की माणसं पान खातात, बैलांच्या गोष्टी करतात, वेळ जातो. इथे तिघं जण आणि एक दगड. मी उठले, बसले, पुन्हा उठले. पोर नखं खात होती. लहानपणी मी तिच्या बोटांना मिरची लावायचे, तरी सवय गेली नाही.

आणि मग उजवी पाकळी हलायला लागली. डावी तशीच चिकटलेली, उजवी थरथरतेय. माझा आनंद पोटात मावेना. म्हटलं, जिंकले. म्हटलं, पोर घरी येते, महिपतचं तोंड वर राहतं, मी सुटते.

तेवढ्यात माझा पदर कानाशी हलला.

वर बघितलं. छतात एक लांब फट आहे, त्यातून गरम वारा सोडतात. तो नेमका दगडाच्या उजव्या अंगावर येत होता.

मी लिनकडे बघितलं. तोही त्या फटीकडेच बघत होता. त्याला कळलं होतं. वाऱ्याने चित्रं खराब होतात म्हणून तो रोज त्या एसीवाल्यांशी भांडतो, राहीनेच मला सांगितलं होतं. वाऱ्याचं बटण त्याच्या खांद्याजवळ भिंतीवर होतं. त्याने बटणाकडे बघितलं, पाकळीकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

मी राहीला म्हटलं, त्याला विचार, बंद का करत नाही. तिने विचारलं. या वेळी त्याचं बोलणंही लहान होतं आणि तिचं सांगणंही.

"देव आजीचा आहे. मी बटण दाबलं तर तो कौल माझा होईल, असं म्हणतो."

महिपत, तेव्हा मला तुझा पंखा दिसला.

चार वर्षांत एकदाही दिसला नव्हता, आणि इथे, गालिच्यावर बसल्यावर दिसला. देवाच्या डाव्या अंगाला उभा असतो तो. खाली पितळी पट्टीवर तुझ्या बापाचं नाव बारीक आणि 'महिपत यांजकडून' मोठं. त्या दिवशी तो चालू होता. समई का सरकवली खांबाआड? विझत होती म्हणून. माझा पदर डोक्यावर ठरत नव्हता, मी दातात धरला होता. ज्या वाऱ्याला तुपात भिजलेली वात टिकली नाही, त्याला एक पाकळी किती वेळ टिकणार? आणि आम्ही सगळे म्हणालो, देव रागावलाय.

मी उठले. उजवी पाकळी अजून पडली नव्हती, कडेला लोंबत होती. मी दोन्ही उपटल्या. पाप लागायचं तर मला लागू दे, माझे किती दिवस राहिलेत. पोर म्हणाली, आजी, काय केलंस. मी म्हटलं, भूक लागली, पेज मागव. तो मुलगा भिंतीला टेकलेला तसाच खाली बसला. मग चष्मा काढून पुसायला लागला, तो किती वेळ पुसतच होता.

आता तुझं काय ते बोलू. मी देवाला खोटं म्हणत नाही. जन्मभर त्याच्या पायरीवर डोकं टेकलं, आता चीनमध्ये येऊन बाटणार नाही. मी म्हणते, त्या दिवशी देव बोललाच नाही. तुम्ही त्याला बोलू दिलं नाहीत. पंखा बोलला. आणि पंख्यावर नाव तुझं आहे, तेव्हा नाही कोण म्हणालं ते तूच बघ.

तू मला म्हणशील, मग तू तरी तेव्हा का नाही बोललीस. कारण मलाही पोर जायला नको होती. जे पाहिजे होतं ते पडलं, मग वर कोण बघतो? काल पण बघितलं नसतं, पण पदर हलला. आणि तो परका पोर, ज्याचं सगळं त्या एका पाकळीला लटकलं होतं, तो हात मागे बांधून उभा राहिला. आपल्यातला एकजण तरी त्या दिवशी उठून पंखा बंद करायला गेला का? देवाला उकडत नाही, महिपत. उकडतं ते तुम्हाला.

होळी ३ मार्चला आहे. विमान एक तारखेला मुंबईत उतरेल, तिथून कोकण रेल्वेने. मी येतेच. माझ्याबरोबर कोण असेल ते तू ठरव, आणि या वेळी दगडाच्या मागे लपू नको. तुझ्या तोंडाने सांग. हो की नाही, एवढंच. तुझ्या हाताने लिहून पाठव, केरूच्या नको.

तोवर मी जिने चढ-उतर करते.

आई

---

शांघाय, ता. २६ फेब्रुवारी

महिपत,

पाच दिवस काही आलं नाही. मी खालच्या टेबलाशी त्या यंत्रापुढे खुर्ची घेऊन बसत होते. राही म्हणाली, आजी, पाहुणे बिचकतात. मी म्हटलं, निळ्या माशांना बिचकत नाहीत, मला कशाला बिचकतील. एक गोरा आला, त्याने माझ्याभोवती हात मागे बांधून एक फेरी मारली. त्याला वाटलं मलाही मांडून ठेवलीय.

त्या बाईच्या पाठीशी मी आता बोलते. दुसरं कोण आहे? पोर कामावर, लिन शिडीवर. तिला म्हटलं, तू पण कोणाची तरी वाट बघत असशील, म्हणून इकडे तोंड करत नाहीस. लुगडं आता खुर्चीवर वाळत घालते.

आज सकाळी यंत्र कुरकुरलं आणि तुझा कागद आला. तुझंच अक्षर, उजवीकडे घसरत जाणारं, शाळेत मास्तर ज्याला मारायचे ते. एवढ्या मोठ्या कागदावर दोन शब्द. 'पंखा काढला.'

'हो'ही नाही, 'नाही'ही नाही. पुढे कौल लावला की नाही तेही नाही. राहीने तो कागद घेतला, वाचला, उलटा करून मागे बघितला, पुन्हा वाचला. मग टेबलाच्या खाली वाकली, काहीतरी पडल्यासारखी, आणि बराच वेळ वर आली नाही. लिन शिडीवरून उतरून आला. ती त्याला सांगू शकेना, मग मीच कागदावर बोट ठेवून मान डोलावली. दुभाष्याशिवाय कळलं त्याला.

मी तुला ओळखते. तुला हो म्हणता येत नाही, बापाचा गुण. ज्या पंख्यावर स्वतःचं नाव मोठं घातलंस तो चार माणसांसमोर गाभाऱ्यातून उचलून आणलास, तिथेच मला जे वाचायचं ते मी वाचलं. गुरवाने विचारलं असेल, मानकरी, हे काय. तू काय सांगितलंस ते आल्यावर सांग, मला ऐकायचंय. कौल पुन्हा लावला नसशील तर लावू नको. देवाला एकच गोष्ट किती वेळा विचारायची, त्यालाही कामं आहेत.

आम्ही तिघं येतोय. ओटीसाठी खण आणि नारळ आणून ठेव, नारळ शेंडीचा बघ. पेजेला जुना तांदूळ काढ. त्याला मीठ वेगळं लागत नाही, आपल्यासारखंच खातो. पडवीत त्याची खाट घाल, लग्न होईपर्यंत तो पडवीतच झोपेल, हे मी दोघांना सांगितलंय. पोर हसली. हसू दे.

आणि हा थंडीतला माणूस, मार्चमध्ये आपल्या कातळावर भाजून निघेल. तो पंखा देवळातून काढलाच आहेस, तर त्याच्या खाटेशी लाव. नावाची पट्टी राहू दे.

आई